वासूभाऊ कव्हर ठेवत नाही

वासूभाऊ नवीन कॅसेट घरी आणली की आधी तिच्यावरचं चित्र सोलून काढत असे. टीव्ही गेमची कॅसेट, हाताच्या पंजाएवढी, पिवळी किंवा काळी. चित्रात दंडाच्या बेटकुळ्या काढलेला एखादा वीर, मागं जळतं शहर, आकाशात राक्षस. वासूभाऊ ओल्या फडक्यानं तो कागद भिजवायचा, नखानं सोलायचा आणि त्या जागी औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेननं लिहायचा : ‘उड्या. खड्डे भरपूर. शेवट आहे.’ दुसऱ्या कॅसेटवर : ‘विमान. नदी. शेवट नाही.’ एकीवर नुसतं : ‘फसवणूक.’

ही नव्वदीच्या मध्याची गोष्ट. जळगावात, पिंप्राळ्यात आमची दारं समोरासमोर होती. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. वासुदेव महाजन दाणाबाजाराजवळच्या एका बियाण्याच्या दुकानात काउंटरवर बसायचा. पस्तिशी आलेली, लग्न नाही. घरात आई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, आणि धाकटी बहीण शैला. पुढच्या खोलीत टीव्ही आणि त्याच्या खाली स्टुलावर सुरतेहून आणलेला गेम. त्याचा एक रिमोट वासूभाऊकडे, दुसरा शैलाकडे.

गेम हा लहान मुलांचा प्रकार, असं गल्लीचं मत होतं. वासूभाऊ तो परीक्षेला बसल्यासारखा खेळायचा. घाबरत खेळायचा, असं म्हणणं जास्त बरोबर. खड्डा जवळ आला की त्याचे खांदे वर चढत, ओठ आत जात आणि पडद्यावरच्या माणसाबरोबर तोही पलंगावरून थोडा उचलला जाई. जिंकल्यावर आनंद होत असावा. चेहऱ्यावर मात्र आजचं संकट टळलं, एवढंच दिसे.

गेम बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या लोकांविषयी त्याची मतं पक्की होती आणि ती ऐकायला पिंप्राळ्यात मी एकटाच मिळत होतो. एका कॅसेटवर छापलं होतं, आत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ आहेत. वासूभाऊनं एका रविवारी सकाळी ते एकेक तपासायला घेतले आणि मला साक्षीदार म्हणून बसवलं. चहा संपायच्या आत कळलं की खेळ मूठभरच आहेत. पुढं त्याच माणसाला हिरव्याऐवजी लाल टोपी. मग तोच माणूस दुसऱ्या टप्प्यापासून. मग तोच माणूस अमर.

“पत्रकार, ही बातमी आहे.”

“जिल्ह्याच्या पानावर केळीच्या भावाला जागा पुरत नाही, वासूभाऊ.”

“आणि एकच केळं नऊ हजार वेळा मोजून विकलं, तर छापाल ना?”

मी बातमी छापली नाही.

अमर माणसावर त्याचा विशेष राग. “ज्याला मरण नाही त्याला खड्ड्याची भीती कसली? आणि भीती नाही तर मी इथं बसलोय कशाला?” दुसरी तक्रार, अर्धा खेळ ठेवून उद्या तिथूनच पुढं खेळायची सोय नसल्याची. “बनवणाऱ्यांच्या गावात वीज जात नसेल. जळगावात विकायचं तर जळगावची वीज धरून बनवा.” ज्या खेळाला शेवटच नाही, नुसता वेग वाढत जातो, तो खेळ त्याच्या लेखी गुन्हा होता. माणूस हरेपर्यंत पळवायचं आणि वर गुण दाखवायचे, हा कुठला न्याय, असं तो विचारायचा. शैला शेजारी बसून दुसरा रिमोट चालवत म्हणायची, “भाऊ, बोलू नको. मेलास बघ.” आणि तो मेलेला असायचा.

“कव्हर बघू नका, आत बघा,” हे त्याचं पालुपद होतं, आणि ते दुकानातही चाले. बियाण्याच्या पाकिटावर मांजराएवढं वांगं असतं. एकदा धुळ्याकडचा एक शेतकरी ते पाकीट हातात धरून म्हणाला, “भाऊ, हाई चित्र खरं शे का?”

“चित्र खरं आहे,” वासूभाऊ म्हणाला. “वांग्याचं सांगता येत नाही. विहिरीला पाणी किती आहे तुमच्या?”

मागच्या गादीवरून शेठनं हताशपणे विचारलं, “वासुदेव, तू बियाणं विकतो का वैराग्य विकतो?” तरी त्याला काढलं नाही. गिऱ्हाईक परत आलं की काउंटरवर वासूभाऊ आहे का ते आधी बघायचं.

बाजारात हे खपलं. घरात त्याची किंमत शैला देत होती.

शैलाला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. लहानपणी गालगुंड झालं, त्यात तो कान गेला. उजवा उत्तम होता आणि अनोळखी माणसाच्या लक्षातही आलं नसतं. पण तिला बघायला येणाऱ्यांना वासूभाऊ अनोळखी राहू देत नव्हता. भुसावळचे पाहुणे आले तेव्हा त्यांच्या हातातला शैलाचा फोटो बघून तो म्हणाला, “स्टुडिओवाल्यानं रंग उजळवलाय. फोटोवर जाऊ नका.” मग अक्कांनी पोहे शैलानं केल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं दुरुस्ती केली की फोडणी आईची आहे, शैलानं प्लेटा भरल्या. अमळनेरचे आले त्यांना तर दारातच, चपला काढायच्या आधी, कानाचं सांगून मोकळा झाला. त्यांनी पाणी घेतलं आणि पुढची गाडी पकडली.

आता तिसरं स्थळ धुळ्याचं. मुलगा प्रकाश, तिथल्या एका शाळेत प्रयोगशाळेत कामाला. आईवडील नव्हते. वाढवलं आत्यानं, आणि त्या घरात शब्द आत्याचाच. अक्का माझ्याकडे आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

“रविवारी तुम्ही आमच्याकडं बसा. त्याच्या शेजारी. तोंड उघडलं की चहा पाजा.”

“अक्का, कानाचं सांगायला तर लागेलच.”

“सुपारी फुटू द्या, मी सांगते. माझी लेक आहे, मला कळत नाही का?” त्यांनी आवाज खाली आणला. “गल्लीत काय बोलतात माहीत आहे? त्याला तिला पाठवायचीच नाही. ती गेली तर दुसरा रिमोट कोण धरणार.”

याबाबत माझ्याकडे खात्रीची माहिती नव्हती, म्हणून मी मत दिलं नाही.

तो आठवडा वासूभाऊला जड गेला. आईनं देवासमोर त्याच्याकडून गप्प बसण्याचा शब्द घेतला होता. तो संध्याकाळी गेम लावायचा आणि पहिल्याच खड्ड्यात पडायचा. जेवण अर्धं टाकायचा. दुकानात त्यानं एका गिऱ्हाइकाला मिरचीऐवजी भेंडीचं पाकीट दिलं.

“रिमोटला दोनच बटणं आहेत, पत्रकार,” तो मला म्हणाला. “सांगितलं की मोडतं. नाही सांगितलं की फसवणूक. तिसरं बटण कुठंय?”

“शैलाला विचारलं?”

“ती म्हणते, भाऊ, तू फक्त बस.”

रविवारी अक्कांनी खोली लावली. शैलाची खुर्ची डावी बाजू भिंतीकडे करून ठेवली, म्हणजे प्रश्न येतील ते उजवीकडूनच. पाहुण्यांच्या खुर्च्या समोर आणि उजवीकडे. मी आणि वासूभाऊ पलंगावर. एप्रिल होता, कूलर घरघरत होता, आणि त्याची हवा नेमकी शैलाची खुर्ची आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून येत होती.

आत्या उन्हातून आल्या होत्या. त्यांनी खोलीवर एक नजर फिरवली, कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि त्या फटीत जाऊन बसल्या. “इथं गार आहे,” म्हणाल्या. अक्कांच्या हातातला ट्रे वाजला.

पोहे झाले. प्रकाश प्लेटकडे बघून खात होता. आत्यांनी शैलाच्या डाव्या खांद्याशी वाकून विचारलं, “स्वयंपाकात काय काय जमतं?”

शैला समोर बघून मंद हसत राहिली. आत्यांनी वाट पाहिली. प्रकाशनं मान वर केली. अक्का माझ्याकडे बघत होत्या, मी वासूभाऊकडे. त्याचे खांदे वर चढले होते, ओठ आत गेले होते. मी चहाचा कप त्याच्यापुढं केला.

त्यानं कप घेतला नाही. उठला, टीव्ही लावला, गेम लावला आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. खोलीत ढणढण सुरू झाली. “हा आमचा टीव्ही गेम,” तो ओरडून आत्यांना सांगू लागला. “फार चांगला आहे. सगळेच खेळ चांगले आहेत.”

त्याच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“काय म्हणता?” आत्या ओरडल्या.

“मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही इथं कुणालाच.”

आत्यांना पर्याय उरला नाही. त्यांनी पदर सावरला आणि स्वयंपाकाचा प्रश्न गल्लीच्या टोकाला जाईल अशा आवाजात पुन्हा विचारला. शैलानं मान वळवली. “कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी,” तिनंही ओरडूनच सांगितलं. वासूभाऊ रिमोटची बटणं दाबत होता. पडद्यावरचा माणूस खड्ड्यात पडत होता, उठत होता, पुन्हा त्याच खड्ड्यात पडत होता. वासूभाऊ पडद्याकडे बघतच नव्हता.

शैला उठली आणि तिनं टीव्ही बंद केला.

“भाऊ, पुरे.” मग ती आत्यांकडे वळली. “मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झालं होतं. उजव्यानं सगळं येतं.”

अक्का ट्रे घेऊन भिंतीला टेकल्या. आत्या वासूभाऊला म्हणाल्या, “हे तुम्ही आधी सांगायचं होतं.”

“मागच्या वेळी आधी सांगितलं होतं,” तो म्हणाला. “पाहुण्यांनी पोहेसुद्धा घेतले नाहीत.”

प्रकाशनं प्लेट खाली ठेवली, आपली खुर्ची उचलली आणि शैलाच्या अगदी उजव्या हाताला आणून ठेवली. बसला.

“आता ऐकू येतं?”

“आधीही येत होतं,” शैला म्हणाली. “तुम्ही काही बोललाच नव्हता.”

आत्या हसल्या. आधी नाकातून, मग मोकळ्या. जाताना त्या अक्कांना म्हणाल्या, “पुढल्या रविवारी घर बघायला धुळ्याला या.” आमच्याकडं याचा अर्थ एकच होतो. अक्का आत गेल्या आणि देवापुढं बराच वेळ बसून राहिल्या.

पाहुण्यांना रिक्षापर्यंत सोडायला मी आणि वासूभाऊ रेल्वे फाटकाकडे निघालो. आत्या पुढं, माझ्याशी बोलत. मागं वासूभाऊनं प्रकाशला गाठलं होतं. मला वाटलं, कॅसेटवरच्या चित्रांचं चाललं असेल. फाटक बंद होतं, तिथं थांबलो तेव्हा ऐकू आलं.

“रस्त्यानं चालताना तिच्या उजव्या हाताला राहा,” वासूभाऊ सांगत होता. “म्हणजे बोललेलं कळतं. पण डावीकडून गल्ली आली की लक्ष ठेवा. सायकल, हातगाडी, कुत्रं, तिला काही ऐकू येत नाही. गल्लीच्या तोंडाशी एक पाऊल पुढं व्हायचं आणि आधी आपण डावीकडं बघायचं. हात धरायचा नाही. हात धरला की ती चिडते. नुसतं पुढं व्हायचं.”

“बरं,” प्रकाश म्हणाला.

“गर्दीत मागून हाक मारायची नाही. आवाज कुठून आला ते तिला उमगत नाही, गोल फिरत राहते. लोक हसतात. समोर जायचं.”

“बरं.”

“विसराल तुम्ही.”

“नाही विसरणार.”

वासूभाऊ आणखी काही सांगणार होता. पण मालगाडी आली आणि ती जाईपर्यंत कुणालाच काही बोलता आलं नाही. फाटक उघडलं. रिक्षा मिळाली. ते दोघं गेले.

परत येताना आम्ही दोघंच होतो. ऊन कललं होतं. वासूभाऊ माझ्या उजव्या हाताला चालत होता. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी तो एक पाऊल पुढं झाला, डावीकडं बघितलं आणि परत माझ्या बरोबरीला आला. दुसऱ्या गल्लीला तेच. तिसऱ्या गल्लीतून दूधवाल्याची सायकल येत होती. तो तिच्यापुढं उभा राहिला आणि मी निघून गेल्यावरच बाजूला झाला.

मला दोन्ही कानांनी चांगलं ऐकू येतं. मी ते त्याला सांगितलं नाही, आणि घर येईपर्यंत त्याच्या डावीकडूनच चाललो.