सायमन अंकलचा निषेधाचा शर्ट

आमच्या वरच्या मजल्यावरचे सायमन अंकल रागावले की शर्ट रंगवायचे. अर्ज नाही, भांडण नाही. बाल्कनीत बादली, बादलीत रंग आणि दुसऱ्या दिवशी अंगावर निषेध. त्या निषेधाचे थेंब खाली माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर. मी कंपनीने इस्रायलमधल्या पेताह तिक्वाला पाठवलेला पुण्याचा इंजिनियर. दोन वर्षांत माझी एकही चादर पांढरी राहिली नाही.

अंकल बेने इस्रायली, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. त्यांनी मुंबईच्या गिरणीत रंगखात्यात तीस वर्षं काढलेली. नुसता लाल, नुसता पिवळा म्हटलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. विम्याच्या दवाखान्यातली रांग वाढली तेव्हा शर्ट हळदी झाला. तिथल्या नर्सने काविळीची तपासणी लिहून दिली. कोपऱ्यावरचा बसस्टॉप हलवला तेव्हा डाळिंबी. तो घालून आठवडाभर नगरपालिकेत बसले. शेवटी तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं, की हा कुठल्या दुकानातून घेतला. वर्षभराने गटाराचं काम संपलं आणि स्टॉप आपोआप जागेवर आला. श्रेय शर्टाला. “कलर पक्का पायजे, पुणेकर. मग सरकारला बघायलाच लागतं.” सरकारने काय बघितलं देव जाणे.

२००५च्या उन्हाळ्यात सगळा देशच अंकलच्या वळणावर गेला. गाझातल्या ज्यू वसाहती रिकाम्या करायचं सरकारने ठरवलं. विरोधकांनी नारिंगी फिती बांधल्या, बाजूने असलेल्यांनी निळ्या. गाड्या, दप्तरं, कुत्र्यांचे पट्टे, काही म्हणून सुटलं नाही. सिग्नलला लोक आधी पुढच्या गाडीची फीत बघायचे आणि मग हॉर्न किती जोरात वाजवायचा ते ठरवायचे. मला वाटलं, आता माझ्या चादरींचं काही खरं नाही. पण अंकल रोज पांढऱ्या शर्टात. खोदून विचारलं तर म्हणाले, नारिंगी फार गाजरी आहे आणि निळ्यात जान नाय.

खरं कारण घरातच होतं. मुलगी रिव्का त्यातल्याच एका वसाहतीत राहायची, नवरा आणि तीन मुलांसकट. तिच्या गाडीला नारिंगी फीत. मुलगा दानी तेल अवीवला, त्याच्या गाडीला निळी. पेसाहच्या सणाच्या जेवणात दोघांची जुंपली आणि तेव्हापासून बोलणं बंद. आंटी गेल्यापासून अंकल दर वर्षी तिच्या आठवणीत मलिदा करायचे. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची प्रार्थना. यंदा दोघांनीही कळवलं, दुसरं येणार असेल तर मी नाही.

अंकल दोघांशीही सरळ खोटं बोलले.

दोघं आले. एकमेकांना बघून तोंडं कडू झाली, पण आईच्या फोटोसमोरून उठून जाणं कुणालाच जमेना. प्रार्थना झाली. वाढायचं काम माझ्यावर टाकून अंकल जरा खाली जाऊन आले. दोघांनी मलिदा नुसता चिवडला. मग रिव्का बाल्कनीत गेली आणि तिथूनच ओरडली. दोन्ही गाड्यांच्या फिती बादलीत होत्या, ब्लीचमध्ये, पांढऱ्याफटक.

दानी भडकला. दोघांना मराठी कळतं, उत्तर मात्र हिब्रूत. एका बसस्टॉपसाठी आठवडाभर बाजू घेऊन बसलात, तो म्हणाला, आणि आता देशाचा प्रश्न आहे तर बाजू नाही?

अंकल मराठीतच बोलले. “बसस्टॉप गेला तर मी पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जाईन. तुमी दोघं गेलात तर मी कुठे जाऊ?”

माझा चादरींचा सगळा राग त्या क्षणी गेला. दानीने बहिणीकडे न बघता विचारलं, सामान हलवायला गाडी लागेल का.

“मी घर सोडणार नाही,” रिव्का म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, “पण मुलांची पुस्तकं खूप आहेत.”

अंकल उठून स्वयंपाकघरात गेले. उरलेला मलिदा त्यांनी भरला, दोघांचा एकाच डब्यात, आणि डबा दानीच्या हातात दिला.

“वाटून खावा,” ते म्हणाले. “आणि डबा दोघांनी मिळून परत आणायचा.”