टेलचा निळा दिवा

केशोराव सरांनी बारा वर्षांत शाळेच्या कपाटातली एकही वस्तू संपू दिली नव्हती. खडूसुद्धा ते अर्धा मोडून देत. त्यामुळे एलईडीच्या किटचा खोका आला तसा कपाटात गेला आणि सहा महिन्यांनी पत्र आलं. गुरुवारी साहेब पाहणीला येणार, किट वापरात नसेल तर ते तालुक्याच्या शाळेला दिलं जाणार. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

बुधवारी सातवीच्या वर्गात खोका उघडला. किटच्या प्रशिक्षणातलं सरांना जेवणाच्या सुट्टीपर्यंतचंच आठवत होतं.

"बॅटरी म्हणजे आपलं इटियाडोह धरण. तारा म्हणजे नहर. हा रेझिस्टर म्हणजे दार, पाणी बेतानं सोडते. अन् एलईडी म्हणजे धानाची बांधी, आपलं शेत," सर म्हणाले. मुलांना हे लगेच पटलं, जरा जास्तच पटलं.

रेझिस्टरचं पाकीट फोडायला सरांचा जीव होईना. बाहेर नमुन्याचा एक होता. एका धरणाला एक दार पुरे, असं म्हणून त्यांनी त्याच्याच पुढे पुष्पांजलीचा लाल आणि दुर्गेश्वरीचा निळा दिवा शेजारी शेजारी ब्रेडबोर्डाच्या भोकांत खोचले. लाल झगझगीत पेटला. निळा ढिम्म.

"सर, लाल सप्पा पाणी एकलाच पिऊन राहिला!" दुर्गेश्वरी ओरडली.

"मंग तुहा दिवा टेलवर आहे, त्याले मी काय करू?" पुष्पांजली म्हणाली.

हे बोलायला नको होतं. पुष्पांजलीच्या बापाचं, छोटेलालचं शेत नहराच्या तोंडाशी, हेडला. दुर्गेश्वरीचं पार शेवटी, टेलला. तिथे उन्हाळी धानाला पाणी येतं ते फक्त कानावर. सरांनी घाईघाईने दिव्यांच्या जागा बदलल्या. तरी लालच पेटला.

"पाहा! हेडवाल्यायची सेटिंग कुठंबी चालते!" दुर्गेश्वरी म्हणाली.

गुरुवारी शाळा भरायच्या आधी दुर्गेश्वरीची आई शामकला टेलच्या सात बाया घेऊन वर्गात हजर. "माह्या पोरीच्या दिव्याले पाणी काऊन नाही?" पाठोपाठ छोटेलाल हेडवाले घेऊन आला. बघताबघता चाळीस माणसं जमली.

"बाप्पा हो, साहेब येऊन राहिले!" सरांनी हात जोडले. "दोन्ही दिवे नाही पेटले तं किट जाईल!"

"जाऊ द्या. आमाले नाही तं कोणालेच नाही," शामकला म्हणाली आणि बॅटरीवर हात ठेवून बसली.

शेवटी सुकराम बुढ्याला बोलावणं गेलं. तीस वर्षं नहराच्या पाण्याच्या बाऱ्या तोच लावत होता. त्याने ब्रेडबोर्डाला एक चक्कर मारली आणि काठी आपटली.

"दोघायले संग नाही पुरत. बारी लावा. दहा मोजेपर्यंत लाल, दहा मोजेपर्यंत निळा."

दुर्गेश्वरीने लाल उपटला आणि काय सांगावं, निळा लखकन पेटला! टेलच्या बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "दहा!" लाल पुन्हा खोचला, तसा निळा विझला. हेडवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. पुन्हा निळा, पुन्हा लाल. भांडण कुठल्या कुठे गेलं, छोटेलाल तर निळ्यालाही शिट्टी मारू लागला.

आणि दारात साहेब उभे होते.

"हे पालक आहेत?" साहेबांनी चष्मा पुसला. "विज्ञानाच्या तासाला चाळीस? पालकसभेला मी चारच्या वर पाहिले नाहीत." त्यांनी तिथेच शेरा लिहिला : किटचा वापर गावभर. इथेच ठेवावे.

साहेबांची गाडी वळली आणि केशोराव सरांचे डोळे भरून आले. आनंदाच्या भरात त्यांनी चक्क पाकीट फोडलं. दुर्गेश्वरीने त्यातला एक रेझिस्टर उचलून निळ्यापुढे वेगळा लावला.

"दोघायले आपापलं दार!"

लाल पेटला. निळाही पेटला. दोन्ही एकदम. वर्ग डोक्यावर घेतला लोकांनी.

फक्त सुकराम बुढ्याचं तोंड उतरलं. त्याने सरांना कोपऱ्यात ओढलं. "मास्तर, ते पाकीट ठेवून द्या कपाटात."

"काऊन जी?"

"सबनले आपापलं दार भेटलं, तं मले कोण विचारीन?"

इतका मनासारखा सल्ला सरांना बारा वर्षांत कोणी दिला नव्हता. ते किल्ली काढून वळले, तर कपाटाला पाठ टेकवून दुर्गेश्वरी उभी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना टेलच्या सात बाया.