दुनळीचा पहारा

जीपमध्ये ठेवायला कोणती बंदूक सोयीची, हे ठरवायला काकासाहेबांना पाच महिने लागले.

निमित्त घडलं होतं दौलताबादच्या घाटात. वेरूळजवळच्या शेतातून शहरात, गारखेड्याच्या घरी येताना, दिवस मावळायच्या सुमाराला, एक माणूस काठी आडवी धरून रस्त्यात उभा राहिला. काकासाहेबांनी जीप रिव्हर्समध्ये घातली आणि वळणांसकट अर्धा किलोमीटर मागं नेली. तो बिरू धनगर होता. मेंढ्या रस्त्यापलीकडं नेत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं शेतावर येऊन सांगितलं, "मालक, उलटी गाडी लई झ्याक चालवता." काकासाहेबांनी त्याच आठवड्यात परवान्यासाठी अर्ज केला.

परवाना आल्यावर उस्मानपुऱ्यातल्या बंदुकीच्या दुकानात त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"साब, रिवॉल्वर लेव," दुकानदार म्हणाला. "गाडी के डब्बे में बैठता."

"पन बाहेरून दिसत नाय की ते."

"दिखाने को होना क्या आपको?"

"दिसली म्हंजे काम झालं. चालवायची कुनाला हाय?"

दुकानदारानं दुनळी बंदूक काढून दिली.

काकासाहेबांच्या पत्नी आशाबाई हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. त्यांनी टेप आणून आधी बंदूक मोजली, मग जीप. बंदूक सेहेचाळीस इंच, सीटखालची जागा एकतीस.

"तिचे तीन तुकडे होत्यात. पिशवीत मावती," काकासाहेब म्हणाले.

"आणि जोडायला किती वेळ लागतो?"

काकासाहेबांनी बंदूक जोडायला घेतली. आशाबाईंनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं दहा सेकंद लागले, त्यात एक तुकडा उलटा बसवून पुन्हा काढला तो वेळ धरून.

"तेवढा वेळ लुटारूंना कशात गुंतवायचं, ते ठरवून ठेवा," आशाबाई म्हणाल्या.

मग बंदूक जोडलेलीच ठेवायची ठरली. उन्हानं लाकूड खराब होऊ नये म्हणून घोंगडीत गुंडाळून ती पुढच्या सीटवर, चालकाशेजारी तिरपी ठेवली. आशाबाई मागच्या सीटवर गेल्या. घोंगडीमुळं बंदूक आता कुणाला दिसत नव्हती, हे त्यांनी एकदा सांगून पाहिलं. काकासाहेबांनी ते ऐकलं नाही.

खरी अडचण ठाण्यातल्या जमादारांनी सांगितली. "काकासाहेब, बंदूक गाडीत एकटी सोडायची नाय. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाय. चोरीला गेली तर परवाना जाईल, वर केस व्हईल."

त्या दिवसापासून काकासाहेब जीपमधून उतरेनासे झाले. चहा जीपमध्ये येऊ लागला. खताच्या दुकानदाराला ते हॉर्न वाजवून बाहेर बोलवत. एकदा तर न्हाव्यानं त्यांची दाढी स्टिअरिंगपाशीच उरकली. राखणीला आणलेल्या बंदुकीची राखण करण्यात त्यांचा दिवस जाऊ लागला.

याच दिवसांत त्यांच्या मुलीचं, वैजयंताचं लग्न ठरत आलं होतं. वैजू माती परीक्षणाच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होती. मुलगा चांगला होता. पण त्याचे वडील नानासाहेब बैठकीत सहज म्हणून गेले होते, "लग्नानंतर नोकरीचं काय कारन नाय. घरात माती भरपूर हाय." सगळे हसले. काकासाहेबही हसले. वैजू मात्र दोन दिवस जेवली नव्हती.

"तुम्ही एकच वाक्य बोला," आशाबाईंनी सांगून ठेवलं होतं. "नोकरी सोडायची नाही."

"बोलतो की. साखरपुड्यात बोलतो. पन नानासाहेबांचा आवाज लई मोठा हाय."

"बंदूक आहे ना तुमच्याकडं."

काकासाहेबांनी विषय बदलला.

साखरपुडा वेरूळला, देवळाजवळच्या मंगल कार्यालयात होता. बंदूक घरी ठेवा, असं आशाबाईंनी सांगितलं. "मधी घाट लागतो," काकासाहेब म्हणाले. त्यामुळं नवरी मुलगी आणि तिची आई मागं, बंदूक पुढं, अशी जीप निघाली.

कार्यालयाच्या दारात व्यवस्थापकानं काकासाहेबांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "मालक, हत्यार आत चालत नाय. गाडीत ठेवा."

"गाडीत ठेवता येत नाय."

"मग तुमी बी गाडीतच बसा."

काकासाहेब बसले. आशाबाई एकदा येऊन त्यांच्याकडं बघून गेल्या. मुहूर्त जवळ आला. मुलाला टिळा लावायचा मान मुलीच्या बापाचा. आतून निरोपावर निरोप आले. शेवटी नानासाहेब स्वतः जीपपाशी आले.

"पाव्हणं, उतरा की."

"उतरता येत नाय," काकासाहेब म्हणाले. चार पोरंटोरं भोवती जमली होती. बंदुकीचं नाव काढलं असतं तर सगळा गाव लोटला असता.

"का बरं? आमचं काय चुकलं का?"

"तसं नाय. पन इथं सांगता येत नाय." काकासाहेबांनी घोंगडीवर हात ठेवला आणि समोर बघत राहिले.

 नानासाहेबांच्या भावकीत आजवर रुसले होते ते मुलाकडचे. मुलीचा बाप रुसून गाडीत बसलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि त्याला कसं मनवायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते आत गेले.

"विहीणबाई," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काय हाय त्यांच्या मनात?"

आशाबाईंनी क्षणभर विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "वैजूनं नोकरी सोडू नये, असं त्यांना बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "बैठकीत राहून गेलं."

"एवढंच व्हय? मग तोंडानं सांगायचं की. गाडीत जाऊन बसायचं कशापाई?"

आशाबाई टिळ्याचं ताट सारखं करू लागल्या.

नानासाहेबांनी तिथंच पाच माणसांसमोर जाहीर केलं, की सून नोकरी करील. मग ते धावत जीपपाशी गेले. "झालं तुमच्या मनासारखं. आता तरी उतरा."

"मला उतरताच येत नाय हो," काकासाहेब रडवेल्या आवाजात म्हणाले.

नानासाहेब घाबरले. त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की लग्न मुलीच्या सोयीनं शहरात होईल आणि वऱ्हाड पन्नासच माणसांचं येईल. शेवटी नवरदेवालाच बाहेर आणलं. काकासाहेबांनी जीपच्या खिडकीतून हात काढून त्याला टिळा लावला.

घरी येताना वैजू वाटभर गाणं गुणगुणत होती. काकासाहेब मात्र मुलीचा साखरपुडा पाहायला मिळाला नाही म्हणून घाटभर हळहळत होते.

महिन्याभरात निवडणूक जाहीर झाली आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायची नोटीस आली. काकासाहेबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला.

"सुटलो बघ," ते आशाबाईंना म्हणाले. "लग्नात मांडवात बसता येईल आता."

आशाबाई वह्या तपासत होत्या. हातातली वही पूर्ण करून, गुण लिहून, त्यांनी मान वर केली.

"बंदूक जमा करा. पण तुम्ही लग्नाच्या दिवशी तासभर जीपमध्येच बसा. वैजूला पुढं बढतीची परीक्षा द्यायचीय, ते नानासाहेबांशी बोलायचं राहिलंय."

"अगं, पन बंदूक नसताना जीपमध्ये बसून काय उपयोग?"

"त्या दिवशी तरी बंदूक कुणी पाहिली होती?" आशाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची वही उघडली.