बुदिमिरचं केशयंत्र

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी रादोय्काने कॉफीचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, "मी केस कापणार."

बुदिमिरने वर्तमानपत्र खाली घेतलं. "टोकं ना?"

"टोकं कसली? इथपर्यंत." तिने डाव्या हाताने कानाची पाळी दाखवली.

उजवा हात दाखवण्याच्या कामाचा राहिला नव्हता. सप्टेंबरपासून तिचा उजवा खांदा असा आखडला होता की हात छातीच्या वर जायलाच तयार नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिले आणि वर्षभर तरी लागेल असं प्रसन्न चेहऱ्याने सांगितलं. रादोय्काचे केस कमरेच्या खाली पोचत. एका हाताने ते धुवायचे, पिळायचे, विंचरायचे म्हणजे अख्खा शनिवार जाई आणि शेवटी मानही धरे.

बेचाळीस वर्षांपूर्वी वाल्येवोच्या बसस्टँडवर बुदिमिरने आधी ती वेणी पाहिली होती, आणि तिच्यामागून दोन गल्ल्या चालत गेल्यावर चेहरा. वेणी नसलेली रादोय्का त्याच्या डोळ्यांसमोर येईना. पण असलं काही बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "स्लावापर्यंत थांब."

"कशाला?"

"यंत्र करतो."

सर्बियात स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा सण. यांचा संत निकोला, म्हणजे एकोणीस डिसेंबर. हातात सहा आठवडे होते. बुदिमिरने एकतीस वर्षं गावातल्या वॉशिंग मशिनी दुरुस्त केल्या होत्या आणि जगात धुता न येणारी वस्तू नाही, फक्त योग्य प्रोग्राम लावावा लागतो, यावर त्याची श्रद्धा होती. तो तळघरात उतरला तो जवळजवळ तिथेच राहिला.

यंत्राची कल्पना सोपी होती. पुढे पोकळ दातांचा कंगवा, त्या दातांतून साबणाचं पाणी येणार. मागे दोन गोल ब्रश, एकमेकांच्या उलट फिरणारे, ते केस ओढून सरळ करणार. खाली जुन्या मशिनीतला पंप, तो घाण पाणी खेचून बादलीत टाकणार. पहिली चाचणी त्याने स्वतःवर घेतली. टकलावर यंत्राने उत्तम काम केलं. दुसरी चाचणी खालच्या मजल्यावरच्या ल्युबिन्काच्या गालिच्याच्या झालरीवर झाली. ल्युबिन्का शिवणकाम करायची आणि रादोय्काची जिवलग होती, म्हणून तिने गालिचा दिला. झालर स्वच्छ झाली, सरळ झाली आणि थोडी कमी झाली.

"बुदा," ल्युबिन्का झालर चाचपत म्हणाली, "हे तू जित्या बाईच्या डोक्याला लावणार आहेस?"

"झालर जुनी होती."

"तुझी बायकोही काही काल आणलेली नाही."

यंत्र तयार झालं ते स्लावाच्याच दिवशी, सकाळी साडेसातला. पाहुणे एक वाजता येणार होते, आणि गावच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे संसारी पाद्री, फादर गावरिलो, सणाची भाकर कापून आशीर्वाद द्यायला अकराला. त्या दिवशी अर्ध्या गावाचा तोच संत, त्यामुळे फादर उजाडल्यापासून घरोघर पळत असत. रादोय्काने कणीक झाकली, हात पुसले आणि न्हाणीघरातल्या स्टुलावर बसली.

"बॅटरीवर चालतं," बुदिमिरने धीर दिला. "तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही."

"केसाला लागू दे रे, मला नको लागायला."

पहिली चार मिनिटं यंत्र मायेने चाललं. कोमट पाणी दातांतून झिरपत होतं, ब्रश हळूहळू फिरत होते. रादोय्काने डोळे मिटले. "बुदा, खरंच बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि बुदिमिरला एकतीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाकडून न मिळालेलं समाधान मिळालं. मग ब्रश मानेपाशी पोचले. तिथे एक छोटीशी गाठ होती. उजव्या ब्रशाने ती धरली, डाव्याने उरलेले केस धरले, आणि रिळावर दोरा गुंडाळावा तसे दोघेही मुळापर्यंत चढत गेले.

"आई गं! थांबव! अरे थांबव मेल्या!"

यंत्र आपणहून थांबलं. बुदिमिरने तारा उलट्या जोडून ब्रश उलटे फिरवून पाहिले. उलटे फिरताना त्यांनी आतापर्यंत सुटे राहिलेले केसही आत घेतले. या ओढाताणीत पंपाची नळी निसटली. पंप बिचारा नेमून दिलेलं काम करत राहिला आणि बादलीऐवजी पाणी जमिनीवर पडायला लागलं. बुदिमिरचे दोन्ही हात रादोय्काच्या डोक्याशी होते.

पाच मिनिटांत ल्युबिन्का दारात. "बुदिमिर, माझ्या छतातून पाणी गळतंय, कपाटात लोकांचे सूट टांगलेत, आणि तू..." तिचं लक्ष रादोय्काकडे गेलं. "अरे देवा."

तिने आधी पंप बंद केला, मग कमरेवर हात ठेवले. "स्क्रू काढ की मग."

"स्क्रू आतल्या बाजूला आहेत."

"आत म्हणजे कुठे?"

"म्हणजे... तिच्या डोक्याच्या बाजूला."

"का पण?"

"बाहेरून बरे दिसत नव्हते," बुदिमिर पुटपुटला.

"जन्मभर कारखानेवाल्यांना शिव्या घातल्यास," स्टुलावरून आवाज आला, "की हे लोक स्क्रू भलत्याच जागी लावतात."

ल्युबिन्का कात्री आणायला वळली. "नको!" रादोय्का ओरडली. "सहा आठवड्यांपूर्वी मी तयार होते. आज नाही. एका बाजूला कमरेपर्यंत आणि एका बाजूला उपटलेली कोंबडी, अशी मी स्तानियासमोर बसायची नाही."

स्तानिया ही बुदिमिरची बहीण. एवढं जर तिला पाहायला मिळालं असतं, तर ते तिला पुढची तीन वर्षं पुरलं असतं.

पाहुण्यांसाठी मासे तर तळायचेच होते. तारा आणि नळ्या सोडवल्या तरी यंत्राचं वजन पावणेदोन किलो भरत होतं. सोडलं की केस ओढले जात, म्हणून कोणीतरी ते धरून तिच्यामागे चालणं भाग होतं. रादोय्का गॅसकडे गेली की बुदिमिर गॅसकडे, रादोय्का फ्रिजकडे गेली की बुदिमिर फ्रिजकडे. लग्न झाल्यापासून तो स्वयंपाकघरात इतका वेळ कधी उभा राहिला नव्हता. कार्प माशांच्या तुकड्यांना पीठ लावताना ती एकदा खाली वाकली आणि तो वाकला नाही. तेव्हा ती जे बोलली, ते सणाच्या दिवशी बोलत नाहीत.

फादर गावरिलो अकराऐवजी पावणेदहालाच आले. आधीच्या घरी कोणी आजारी होतं, तिथलं लवकर आटपलं. ल्युबिन्काने घाईघाईने यंत्रावर फुलाफुलांचा रुमाल टाकला. त्याने एवढंच झालं की रादोय्काला दोन डोकी असल्यासारखं दिसू लागलं.

मेणबत्ती लागली. सणाची भाकर सगळ्यांनी मिळून हातांवर धरून गोल फिरवायची असते, आणि घरधनी म्हणून बुदिमिरचे हात भाकरीलाच हवे होते. यंत्र ल्युबिन्काकडे आलं. भाकर फिरली, भाकरीबरोबर रादोय्का फिरली आणि रादोय्काबरोबर ल्युबिन्का खुर्चीला अडखळत टेबलाभोवती फिरली. फादरांचा आवाज जराही हलला नाही. त्यांनी भाकरीवर वाइन शिंपडली, भाकर कापली, आशीर्वाद दिला, पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "आता सांगा. हे काय आहे?"

बुदिमिरने सगळं सांगितलं. यंत्राचं तत्त्वही सांगितलं. फादरांनी मध्येच एक-दोन प्रश्न विचारले, ब्रशाचे दात कशाचे, मोटर किती ताकदीची. त्यांचे स्वतःचे केस मागे जाड अंबाड्यात बांधलेले होते आणि दाढी छातीवर रुळत होती. या विषयातलं त्यांना कळत होतं.

"तेल आणा," ते म्हणाले. त्यांनी झग्याच्या बाह्या वर सारल्या आणि रादोय्काच्या मागे खुर्ची घेतली. "खालून वर जायचं. मुळाकडून सुरू केलंत की संपलं. आणि ओढायचं नाही."

वाटीभर सूर्यफुलाचं तेल गेलं. फादरांची बोटं एकेक बट सोडवत होती. खिशातला फोन दर दोन मिनिटांनी वाजत होता. "येतोय, येतोय," ते खांद्याने फोन कानाशी धरून सांगत. "एका घरी जरा गुंता झालाय."

बुदिमिर शेजारी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होता. अखेर त्याने विचारलं, "फादर, एवढे केस, एवढी दाढी. तुम्ही कसं करता?"

"मी कुठे करतो? बायको करते. शनिवारी संध्याकाळी मी स्टुलावर बसतो, ती मगाने पाणी घालते, मग विंचरते. सव्वीस वर्षं झाली."

बुदिमिरने हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं.

"सहा आठवडे," खाली मान घातलेली रादोय्का म्हणाली. "सहा आठवडे हा माणूस तळघरात होता."

ल्युबिन्काला हसू आवरेना, ती भिंतीला टेकून जमिनीवरच बसली.

साडेदहाला दुसरा ब्रश सुटून खाली पडला. मूठभर केस गेले, बाकीचे वाचले. पुन्हा धुवायला वेळ नव्हता, म्हणून रादोय्काने ल्युबिन्काकडून तसाच घट्ट अंबाडा घालून घेतला. जेवताना स्तानिया तो अंबाडा टक लावून बघत होती. शेवटी न राहवून तिने विचारलं, "काय गं, इतकी चमक? कुठलं तेल लावतेस?"

"मासे तळायचं," रादोय्काने सांगितलं. स्तानियाला ही थट्टा वाटली आणि तिने तोंड फिरवलं.

पुढच्या शनिवारी बुदिमिरने बाह्या वर केल्या. पहिल्यांदा शाम्पू तिच्या डोळ्यांत गेला. दुसऱ्यांदा पाणी गार निघालं. "प्रोग्राम चुकला वाटतं," ती म्हणाली. पण जानेवारी संपेपर्यंत त्याला जमू लागलं. खालून वर, न ओढता. पाऊण तास लागे, आणि तेवढ्या वेळात दोघं बोलत. मुलगा फोन का करत नाही, चेरीच्या झाडाचं काय करायचं, बसस्टँडवर त्या दिवशी तिने कोणता कोट घातला होता. तो तपकिरी म्हणे, ती हिरवा म्हणे. केस कापायची गोष्ट परत निघाली नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी बुदिमिर पाव घेऊन घरी आला. दार उघडंच होतं, म्हणून आवाज झाला नाही. स्वयंपाकघरात रादोय्का कपाटासमोर उभी होती. तिने उजवा हात सरळ वर नेला, सगळ्यात वरच्या फळीवरचं जड चिनी मातीचं ताट उतरवलं, पुसलं आणि त्याच हाताने परत जागेवर ठेवलं. मग दुसरं काढलं. वाहतूक पोलिसासारखा ताठ हात.

बुदिमिर पाव हातात धरून तिथेच क्षणभर थांबला. मग पावलं न वाजवता मागे गेला, बाहेरचं दार धाडकन लावलं आणि दोनदा मोठ्याने खोकला.

तो आत आला तेव्हा रादोय्का खुर्चीवर बसून उजवा खांदा चोळत होती.

"आज फार दुखतोय," ती म्हणाली.

"बस तू," बुदिमिर म्हणाला. "मी पाणी तापायला ठेवतो."