हुसेन मिस्त्रीची फुली

हुसेन मिस्त्रीच्या शर्टाच्या वरच्या खिशात खडू असतो. शाळेतला पांढरा खडू. हा माणूस शाळेत माझ्यापेक्षा तीनच वर्षं जास्त गेला, पण हेडमास्तर असल्यासारखा खडू घेऊन फिरतो, आणि जी वस्तू पसंत पडत नाही तिच्यावर फुली मारतो. मालकाला विचारत नाही. मारली फुली, चालला पुढं.

पाटणच्या बाजारात आलात तर बघा. भांडीवाल्याच्या बादल्यांवर फुल्या. ग्रामपंचायतीनं बसवलेल्या हापशावर फुली. एकदा स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीच्या मडगार्डवर मारली, ती गाडी फुलीसकट पुण्याला जाऊन आली. स्वतःच्या मुलीच्या लग्नात भाड्यानं आणलेली डेग बोटाच्या पेरानं वाजवली, कान लावला आणि मारली फुली. दुसरी डेग येईपर्यंत चूल पेटवू दिली नाही. नवरदेवाकडची माणसं दुपारी चारला जेवली. मीही त्याच पंगतीत होतो, म्हणून सांगतो.

कराडच्या डॉक्टरनं त्याला कवळी करून दिली. ह्यानं ती तोंडात घालायच्या आधी नखानं वाजवून बघितली. कवळी आजही डबीत आहे आणि डबीवर फुली आहे. भाकरी कालवणात बुडवून खातो, पण माघार नाही.

फुली मारायच्या आधी त्याचं एकच वाक्य असतं. "चीज बरी हाय, पन." त्या 'पन'च्या पुढं काही येत नाही. माणूस वाट बघत उभा राहतो आणि हा खिशात हात घालतो.

फौजेत होता चोवीस वर्षं. लढायला नव्हे, बंदुका दुरुस्त करायला. आता एसटी स्टँडसमोर पत्र्याच्या गाळ्यात मोटारी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो. त्याच्या हातून गेलेली मोटार वर्षभर परत येत नाही. मला त्याचा राग आहे म्हणून खोटं लिहिणार नाही.

राग कशाचा, ते सांगतो.

आमचं रान डोंगराच्या अंगाला. खाली भात, वर भुईमूग. शेंग भरायला लागली की रानडुकरं उतरतात. डुक्कर खाऊन जाईल तर माझी तक्रार नाही, त्यालाही पोट आहे. पण ते नांगरून जातं. गेल्या साली पहाटे गेलो तर दोन डुकरं रानात. मी काठी उगारली तरी हलेनात. बायको म्हणाली, "आवं, एकच हाय." मी म्हटलं, दोन आहेत. ती म्हणाली एक. आम्ही बांधावर भांडत राहिलो आणि तेवढ्यात डुक्कर शिस्तीत निघून गेलं. चार वाफे उलथेपालथे करून.

आता कुणी म्हणेल, गोफण नव्हती का? होती की. उभ्या पाटण खोऱ्यात माझ्यासारखी गोफण कुणी मारत नव्हतं. पलीकडच्या डोंगरावरचं सांगाल ते खोड मी टिपायचो. पण हल्ली गोफण वळायला घायपाताचा वाख चांगला मिळत नाही. गोफणीला पीळ बसत नाही, दगड कुठंही जातो. गेल्या साली एक दगड सरपंचाच्या मोटारसायकलवर गेला. वाखाचा दोष.

म्हणून ठरवलं, बंदूक घ्यायची. पीक संरक्षणाचा परवाना काढायचा आणि चांगली कंपनीची रायफल घ्यायची. परवान्यापायी मी जेवढ्या पायऱ्या चढलो तेवढ्या कुठल्या देवालाही चढलो नाही. तलाठी, पोलीस ठाणं, वनखातं, परत तलाठी. माझं चारित्र्य तपासायला एक पोलीस आला, माझ्या नातवाच्या वयाचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी चारित्र्य! आता बिघडवायचं म्हटलं तरी कुणाच्या भरवशावर बिघडवू? तब्येतीचा दाखला देणाऱ्या डॉक्टरनं तर कागदावरून मान वर केली नाही. नाव विचारलं, सही ठोकली. मग निवडणूक लागली. निवडणूक आली की गावातल्या बंदुका ठाण्यात जमा आणि नवीन परवाने बंद. आचारसंहिता माणसांना. डुकरं खुशाल हिंडतात.

शेवटी परवाना हातात आला. पण त्यालाही मुदत. मुदतीत बंदूक घेतली नाही तर कागद रद्द. नवी रायफल मिळायला फार वेळ लागतो, म्हणून जुनी बघायची ठरली. जुनी घ्यायची म्हणजे पारख पाहिजे, आणि पारख म्हणजे हुसेन. मी त्याला म्हटलं, "गड्या, तू पास केल्याबिगार मी घ्यायचा न्हाई." माझ्या आयुष्यातली चूक ही.

पहिली रायफल साताऱ्यात, दुकानात. मी खांद्याला लावून बघितली, हुसेन मागं उभा. मग त्यानं बोल्ट काढला, नळीच्या एका तोंडाला पांढरा कागद धरला, दुसऱ्या तोंडाला डोळा लावला. "चीज बरी हाय, पन." दुकानदारानं पॉलिश केलेल्या लाकडी दस्त्यावर खडूची फुली बघितली आणि आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला.

दुसरी फलटणला, एका ऊसवाल्याकडं. तीही आधी मी खांद्याला लावली. तिच्या नळीतून ह्यानं दोरीला चिंधी बांधून ओढली, चिंधीचा वास घेतला, मलाही घ्यायला लावला. मला रॉकेलचा वास आला. त्याला मालकाचा आळस आला म्हणे. फुली.

मध्ये एकानं मोबाईलवर रायफलचा व्हिडिओ पाठवला. हुसेन म्हणाला, "मोबाईलमधल्या नळीत डोळा घालता येत न्हाई, आण्णा." आणि मोबाईलच्या काचेवर फुली मारली. माझ्या मोबाईलच्या.

तिसरी तासगावला. बापूराव म्हणून द्राक्षबागायतदार, आमच्याच वयाचा. बागेला आता चौफेर जाळी मारलेली, त्यामुळं रायफल त्याच्या उपयोगाची राहिली नव्हती. तीनशे पंधरा बोअरची, सरकारी कारखान्यातली, लाकूड असं की हात फिरवावा. बेदाण्याच्या शेडपुढं खाट टाकून त्यानं ती पांघरूण काढावं तशी उघडली. दर दसऱ्याला तिची पूजा करायचा, दस्त्याच्या खाचेत हळद बसलेली.

हुसेननं बोल्ट काढला. कागद धरला. चिंधी ओढली. हुंगली. पेरानं दस्ता वाजवला, कान लावला. मी वाट बघत होतो 'पन'ची. 'पन' आलं नाही. उलट त्या माणसाच्या तोंडावर मी कधी न बघितलेली गोष्ट दिसली. हसू. बिनदाताचं.

"चीज बरी हाय," तो म्हणाला, आणि गप्प बसला.

मी म्हटलं, आता सुटलो. रायफल घेतली, खांद्याला लावली. बापूरावानं शेडच्या टोकाला बांबूवर उलटा घातलेला डबा दाखवला. म्हणाला, गोळी नाही, नुसती नेम धरून बघा. मी एक डोळा मिटला. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी बघितली. माशी हलायला लागली. हात माझा हलत नव्हता, माझा हात कधी हलत नाही. माशी एकीच्या दोन झाल्या, आणि डबेही दोन.

मी म्हटलं, "माशी ढिली हाय."

बापूराव म्हणाला, "न्हाई हो. कारखान्यातनं आली तशीच हाय."

मी परत नेम धरला. बराच वेळ धरला. मग हुसेननं हळूच रायफल माझ्या हातातून घेतली. परत कागद धरला, परत नळीत डोळा घातला. ह्या खेपेला एवढा वेळ की बापूरावाचा चहा गार झाला.

"चीज बरी हाय, पन."

"पन काय?" बापूरावानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा हुसेनला 'पन'च्या पुढं बोलावं लागलं.

"नळीत खड्डं हायत," तो म्हणाला, आणि दस्त्यावर, त्या हळदीच्या शेजारी, फुली मारली.

बापूराव उठून उभा राहिला. त्याच्या घरच्या लेकीला कुणी नावं ठेवावीत असा चेहरा. आम्हाला जा म्हणाला नाही, पण पाव्हण्यांना बेदाणा देतात तो दिला आणि तोंड फिरवलं.

तासगाव ते कराड मी एक शब्द बोललो नाही. हुसेननं बेदाण्याची पुडी पुढं केली, मी खिडकीबाहेर बघितलं. कराड ते पाटण मात्र बोललो. म्हटलं, तू फौजेतनं आलास पण फौज तुझ्यातनं गेली नाही. तुला देवानं समोर येऊन वर दिला तर तू देवाला वाजवून बघशील. तुझ्यापायी माझा भुईमूग जातोय, मुदत जातीय, आणि तू खडू झिजवतोस. अर्धी एसटी ऐकत होती. कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवली.

हुसेन एवढंच म्हणाला, "बरोबर हाय, आण्णा."

त्यानं मी अजून चिडलो. भांडणाऱ्याला समोरून दगड आला पाहिजे.

त्यानंतर मी त्याच्या गाळ्याकडं फिरकलो नाही. फवारणीचा पंप बिघडला तर बायकोला दुसऱ्या मिस्त्रीकडं धाडलं. पंप आठ दिवसांत परत बिघडला, पण मी ते कुणाला सांगितलं नाही.

आणि मग बातमी आली. ढेबेवाडीकडचा एक रिटायर सुभेदार तीच तासगावची रायफल घेऊन आला. सलूनमध्ये सगळ्यांपुढं सांगत होता, हुसेन मिस्त्री स्वतः बरोबर आला, बापूरावाच्या पाया पडला, त्याच्यापुढं दस्ता पुसला आणि मला म्हणाला, सुभेदारसाब, डोळे झाकून घ्या, अशी नळी पुन्हा मिळायची नाही.

माझी अर्धी दाढी झाली होती. तसाच उठलो. एका गालाला साबण, गळ्यात न्हाव्याचा टॉवेल. भर बाजारातून चालत गेलो आणि गाळ्याच्या दारात उभा राहिलो.

"का रं हुसेन? माझ्यासाठी नळीत खड्डं, आन् सुभेदारासाठी गुळगुळीत व्हय?"

आत दोन शेतकरी पंप घेऊन बसले होते. हुसेननं त्यांना दुपारनं या म्हणून लावून दिलं. मग स्टूल पुढं ओढलं, त्याच्यावरची ग्रीस स्वतःच्या टोपीनं पुसली. मी बसणार नव्हतो. पण पाय दुखत होते.

"आण्णा," तो म्हणाला, "समोर एसटीवर पाटी हाय. कुटली गाडी, वाचा बरं."

माझं डोकं सणकलं. "मी चौथी शिकलेला मानूस. माझं शिक्षान काढतोस?"

"न्हाई काढत. ऱ्हाऊ दे पाटी." फडक्यानं हात पुसत तो म्हणाला, "एसट्या किती हायत, एवढंच सांगा."

मोजायला शाळा लागत नाही. मी स्टँडकडं बघितलं. ऊन होतं. डोळे बारीक केले, परत बघितलं.

"दोन," मी म्हटलं.

हुसेननं स्टँडकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझ्या गालावरचा साबण वाळून ताणत होता.

"व्हय," तो म्हणाला. "दोनच हायत."

तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. इंजिन खोकलं, गाडीनं वळण घेतलं आणि कराडच्या रस्त्याला लागली. मागं स्टँड मोकळा. दुसरी गाडी नव्हतीच. सावलीला एक कुत्रं तेवढं पडलं होतं. एक का दोन, ते मी सांगणार नाही.

हुसेननं पंप पुढं ओढला. तो पंपाचा नोझल पुसत होता. नोझल लख्ख होता.

मला गोफण आठवली. सरपंचाची मोटारसायकल आठवली. बांधावर बायको एक म्हणत होती, ते आठवलं. साताऱ्याच्या दुकानात आणि फलटणला मी रायफल खांद्याला लावली होती, तेव्हा हा माझ्या मागं उभा राहून कुणीकडं बघत होता, तेही आठवलं. राग तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

मला शोधत न्हावी आला, त्याचा टॉवेल माझ्या गळ्यात होता. त्याच्या मागं सलूनमधली दोन-तीन माणसं, तमाशा बघायला. त्यातला एक म्हणाला, "काय आण्णा, तुमची बंदूक काय झाली शेवटी? सुभेदारानं तर आनली."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो, देवाला माहीत. हुसेन माझ्या आधी बोलला.

"आण्णांची काय चूक न्हाई. मीच नको म्हनलो. नळीत खड्डं हुतं."

"तीच रायफल तू सुभेदाराला पास केलीस की."

"चुकलो. म्हातारा झालो आता. पारख गेली माझी."

माणसं हसली. न्हावीसुद्धा हसला. आयुष्यभर उभ्या बाजाराला फुल्या मारणारा माणूस आज आपणहून चुकलो म्हणत होता, एवढं मोठं हसू पाटणला वर्षात आलं नसेल. हुसेननं त्यांना पोटभर हसू दिलं. मान खाली घालून नोझल पुसत राहिला.

मी तिथंच बसून होतो, त्याच्यापासून हातभर अंतरावर. खडू त्याच्या वरच्या खिशात होता. एवढ्या जवळचं मला अजून नीट दिसतं. त्यानं तो काढला नाही.