सातव्या मजल्यावरचा परदेश

मे महिना, दुपारचे साडेतीन, ऐरोलीतल्या सात मजली इमारतीची गच्ची. लोकरीची कानटोपी घातलेला एक माणूस फोनवर सांगत होता, "काय सांगू आय, गुडघाभर बर्फ पडलाय. बस बंद हाय. चालत निघालोय प्रॅक्टिसला."

मी टाकीचा व्हॉल्व्ह बघायला वर गेले होते. घाईत चपला खालीच राहिल्या, आणि गच्ची अशी तापलेली की मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. त्या माणसाची माझ्याकडे पाठ होती. वळून न बघता त्याने एक हात वर केला, थांबा म्हणून, आणि बोलत राहिला. त्याचे दात वाजत होते. नाटकात वाजवतात तसे नाही, खरेच. समोर खाडी उन्हाने पांढरी झाली होती, आयटी पार्कच्या काचा डोळ्यात घुसत होत्या, आणि मला, घामाने भिजलेल्या मला, क्षणभर थंडी वाजली.

फोन ठेवून तो म्हणाला, "सेक्रेटरीबाई, चपला घाला. पाय भाजतील." अजूनही वळला नव्हता.

हा आमच्या ७०२ मधला हरेश. मूळचा घणसोली गावातला, आगरी. गावठाणातलं घर बिल्डरकडे गेलं तसा आईला घेऊन आमच्या सोसायटीत आला. वय एकेचाळीस. पहिल्याच दिवशी वॉचमनने विचारलं, काय काम करता? हा म्हणाला, "अकरा वर्षं परदेसात गार्ड होतो." वॉचमनला भाऊबंद भेटल्याचा आनंद झाला. त्याने चहा मागवला आणि विचारलं, "कुठल्या एजन्सीकडून? नाइटला होतात की डेला?" बराच वेळ दोघं प्रेमाने आपापल्या गार्डगिरीबद्दल बोलत होते. मग कुठे कळलं की हा बास्केटबॉलमधला गार्ड.

तेही लोकांना पटेना. बास्केटबॉल म्हटलं की पंख्याला डोकं लागणारा माणूस हवा असतो आपल्याला. हरेश बल्ब बदलायला आमच्यासारखाच स्टूल मागतो. "उंच मानसं वेगळी," तो सांगायचा. "ती उभी ऱ्हातात. गार्डनं बॉल आनायचा आनि द्यायचा. आनि ज्याला द्यायचा त्याच्याकडं बघायचा नाय. बघितला की समोरच्याला कळतो."

ही सवय अंगात इतकी भिनलेली की तो कुणालाही काहीही देताना भलतीकडेच बघतो. एकदा कमिटीच्या मीटिंगमध्ये खजिनदार देसाईंनी गच्चीची किल्ली मागितली. हरेश पंख्याकडे बघत होता. पंख्याकडे बघता बघताच किल्ली सुटली आणि देसाईंच्या चहात पडली. देसाईंनी चष्मा पुसला. हरेश शांतपणे म्हणाला, "पास बरोबर होता. मानूस चुकीच्या जागी होता."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. रिक्षा निघून गेली, दूध उतू गेलं, काहीही होवो: पास बरोबर होता, मानूस चुकीच्या जागी होता.

अकरा वर्षांत नऊ देश खेळला. बहरीन, मालदीव, मोंगोलिया, केनिया, कुठे कुठे. मोठा खेळाडू नव्हता आणि तसं सांगायचाही नाही. "कोनाचा तरी पाय मोडल्याशिवाय मना फोन आला नाय कधी," म्हणायचा. कुणी जखमी झालं की याला बोलवायचे, सीझन संपला की निरोप द्यायचे. एका गावी तर नवा शर्ट शिवायलाही वेळ नव्हता. ज्याचा पाय मोडला त्याचाच शर्ट याला दिला, पाठीवर त्याचं नाव. सहा महिने लोक त्या नावाने ओरडत होते.

"मग तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"पयले पयले आला. नंतर कोनी त्या नावानं हाक मारली की मी वळायला लागलो. आनि एक दिवस कोनीतरी 'हरेश' म्हनून हाक मारली, तर मी वळलोच नाय." हे सांगून तो हसला. मला हसू आलं नाही.

त्या मे महिन्यात सोसायटीत कुजबुज सुरू झाली. ७०१ वाल्यांची तक्रार की रोज दुपारी बरोब्बर साडेतीनला डोक्यावर धप धप सुरू होतं आणि वीस मिनिटांनी बंद होतं. देसाईंचं म्हणणं, हा फोनवरून लोकांना फसवणारा माणूस आहे. रोज वेगळ्या देशात असल्याचं सांगतो, आपण पेपरात वाचतो ना. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तर सरळ सांगितलं, "त्या घरात बरं नाही. मी लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर जात नाही."

मी मीटिंगला उशिरा पोहोचले म्हणून सेक्रेटरी झालेली बाई. पण चौकशी करणं माझ्याकडे आलं. मी मे-जूनमधल्या दोन-तीन दुपारी गच्चीच्या दाराआड उभी राहिले. खरं सांगते, टेन्शन आलं. मोंगोलियातला बर्फ जूनमध्ये संपला आणि केनियातली लाल धूळ सुरू झाली. आणि त्याचा आवाज. आपल्याशी बोलतो तो एकेचाळीस वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा, जाडसर. फोनवरचा आवाज पंचविशीतल्या पोराचा होता. हलका, घाईत, हसू दाबलेला. एका हाताने बॉल आपटत होता, दुसऱ्या हातात फोन, आणि तोंडातून कुणी दुसराच बोलत होता. मी तशीच खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ७०२ ची बेल वाजवली.

दार हरेशनेच उघडलं. आत खिडकीशी त्याची आई बसली होती, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर घरातला फोन मांजरासारखा घेतलेला. मला बघून खुलली. "ये बाय, बस. माजा हरेस परदेसान हाय. बास्केटबॉल खेलतो. रोज फोन येतो त्याचा." मग हरेश चहा घेऊन आला तशी तिने आवाज खाली केला. "ह्यो मानूस कामाला ठेवलाय. सोभाव बरा हाय. पन बोलत नाय जास्त."

हरेशने कप माझ्या हातात दिला. भिंतीकडे बघत.

जिन्यात त्याने मला सगळं सांगितलं. शेवटच्या सीझनला गुडघा गेला, म्हणून तो परत आला. तोवर आईचं विसरणं सुरू झालेलं. दारात बॅग घेऊन उभा राहिला तर ती म्हणाली, हरेस घरी नाय, तो परदेसान हाय, तुमी कोन? डॉक्टरांनी सांगितलं, धीर धरा. त्याने धीर धरला. ती रोज रडायची, पोराचा फोन नाय आला म्हणून. एक दिवस वैतागून हा गच्चीवर गेला आणि तिथून घरच्या नंबरवर फोन लावला.

"एका हाकंत ओळखला मना," तो म्हणाला. "पयल्या हाकंत. बोलली, हरेस, जेवलास का रं?"

तिच्या लेखी तो नुकताच गेला होता, म्हणून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. एक महिना एक देश. सगळं घडलेलंच सांगायचा. खोटं त्याला जमत नाही. कानटोपी घातल्याशिवाय थंडीबद्दल बोलताच येत नाही म्हणाला. बॉल आपटायचा, कारण आईला फोनमध्ये तो आवाज ऐकायची सवय होती.

तेव्हापासून मी रोज साडेतीनला आजीजवळ, त्याच्या आईजवळ, बसायला लागले. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असायचा. मला त्या वीस मिनिटांची सवय कधी झाली नाही. बॉल आधी डोक्यावर, छतावर आपटायचा. मग अर्ध्या क्षणाने तोच आवाज फोनमधून यायचा, लांबून, आफ्रिकेतून. आजी छताकडे बोट दाखवून म्हणायची, "हरेस, आमच्या वर कोन तरी ऱ्हातो रं. तुज्यासारखाच बॉल खेलतो." आणि फोनमधला पोरगा विचारायचा, "बरा खेळतो का?" ती म्हणायची, "तुज्याएवडा नाय." वरून हसणं ऐकू यायचं. मग फोनमधून.

असे देश संपत गेले. दिवाळीत नववा देश आला, जॉर्जिया. हरेशची झोप उडाली. पुढे त्याच्याकडे काही नव्हतं. या देशानंतर तो घरीच आला होता.

आता यापुढचं माझं डोकं, आणि त्याबद्दल मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही. मी म्हटलं, "मग येऊ दे ना घरी. फोनवर सांगा येतोय, आणि या दारातून. आता तिची तयारी झालीय."

तो म्हणाला, "तुमाला वाटतो तसा?"

"मला वाटतं."

त्याने फोनवर तारीख सांगितली. आजीचं वय दहा वर्षांनी कमी झालं. नवं लुगडं नेसली. मला वाशीच्या मार्केटमधून नारळ आणायला लावले, कोलंबीचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. हात काही विसरले नव्हते. ठरल्या वेळी हरेश जुनी बॅग खांद्यावर टाकून खाली गेला, लिफ्टने वर आला आणि बेल वाजवली. दाढी केली होती. क्लबचा जुना शर्ट पोटावर ताणला होता.

मी दार उघडलं. तो आत आला आणि तो फोनवरचा आवाज काढून म्हणाला, "आय, आलो."

आजी त्याच्याकडे बघतच राहिली. आधी हसली. मग तिची नजर तोंडावरून गळ्यावर गेली आणि तिथेच थांबली, जणू आवाज येतो ती जागा शोधत होती. हळूहळू मागे सरकली, माझा दंड धरला. तिची बोटं बर्फासारखी होती. माझ्या कानात म्हणाली, "बाय, हा तर कामवाला. याच्या तोंडान माज्या पोराचा आवाज कसा आला?"

"आय, मीच हाय गं."

"नको बोलू!" ती किंचाळली. "माज्या हरेसचं काय केलास तू? कुठं हाय तो?"

कालवण तसंच राहिलं. हरेश बॅग घेऊन जिन्यात बसला. मी बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसले. भिंतीकडे बघत तोच म्हणाला, "पास बरोबर होता, बाई." पुढचं अर्धं वाक्य म्हणाला नाही.

दोन दिवस आजीने फोन उचलला नाही. वाजला की त्यावर उशी ठेवायची. हरेश मुक्यानेच तिचं सगळं करत होता, अंघोळ, गोळ्या, वेणी. तोंडातून एक शब्द काढत नव्हता, ती घाबरू नये म्हणून.

तिसऱ्या दुपारी साडेतीनला मी तिच्याजवळ बसले होते. फोन वाजला. बराच वेळ वाजत राहिला. शेवटी तिने उचलला.

"हॅलो."

"आय, मी. विमान चुकला. यायला नाय जमला." तोच हलका, पंचविशीतला आवाज. "दुसऱ्या देसातून बोलावनं आलंय. आइसलँड. आठ महिन्यांचा सीझन हाय."

नऊही देश मला पाठ होते. त्यात आइसलँड नव्हता. जो माणूस टोपीशिवाय थंडीचं खोटं बोलू शकत नव्हता, त्याने आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा देश खोटा सांगितला होता.

आजी हळू म्हणाली, "खेल तू. मी बरी हाय." जरा थांबून पुढे म्हणाली, "हरेस, हितं एक मानूस ऱ्हातो बग. परवा मी त्याला वंगाळ बोल्ले. त्याचा आवाज तुज्यासारका निघाला नि मना भ्या वाटला. पन वाईट नाय रं तो. पाय चेपतो, वेनी घालतो. दोन दिवस जेवला नाय. ताट झाकून ठेवलाय मी." तिने फोन तोंडाशी आणखी जवळ नेला. "त्याची पन आय आसंल कुठंतरी. वाट बगत आसंल. तू सांग त्याला, घरी जा म्हनाव. तुजा आयकंल तो."

फोनमधून गच्चीवरचा वारा येत होता.

"सांगतो, आय," तो म्हणाला.

थोड्या वेळाने दार उघडलं. हरेश आत आला, हात धुतले आणि आईपासून जरा लांब, जमिनीवर बसला. तिने झाकलेलं ताट त्याच्याकडे सरकवलं आणि विचारलं, "आला का तुला फोन?"

त्याने मान हलवली.

"काय बोल्ला माजा हरेस?"

हरेशने भिंतीकडे बघितलं नाही, पंख्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघत, त्याच्या नेहमीच्या जाडसर आवाजात म्हणाला, "बोल्ला, आदी जेव. मग जा."

"तसाच हाय तो," आजी कौतुकाने म्हणाली, आणि त्याच्या ताटात भात वाढायला लागली.