डाव्या ट्रेमधली रोपं

"भात? आन् मला शिकवतेस?" केसरीनाथ छाती फुगवून म्हणाले. "तुझा बाप चिखलात रांगलाय, पोरी! जा बिनघोर!"

काल्हेरच्या त्यांच्या शेतावर गोदाम उभं राहून बारा वर्षं झाली, तरी शेतकऱ्याचा तोरा उतरला नव्हता. खाडीकाठच्या जुन्या भाताचं बी ते दरवर्षी गच्चीवर टबात पेरून जपत. लेक उन्नती त्याच भातावर संशोधन करत होती. खाऱ्या पाण्यात मुळाच्या एकेका पेशीत कुठली जनुकं जागी होतात, त्याचा नकाशा! लॅबची वीज दोन दिवस बंद, म्हणून तिने गॅलरीत दोन ट्रे आणून ठेवले. डाव्यात खारं पाणी, उजव्यात गोडं. सोमवारी मुळं तपासायची होती.

"बाबा, फक्त बघ. हात लावू नको!" बजावून ती मैत्रिणीच्या लग्नाला गेली.

दुसऱ्या दिवशी डावी रोपं पिवळी पडली. केसरीनाथ चहा टाकून गॅलरीत धावले.

"खारं पानी बाधलं, दुसरं काय!" शेजारच्या कलावतीबाईंनी निदान केलं.

झालं! केसरीनाथांनी रोपं नळाखाली धुतली, गोडं पाणी भरलं आणि शाबासकीसाठी उन्नतीला फोन लावला.

"बाबा," पलीकडून सुस्कारा आला, "ती खाऱ्या पाण्यात काय करतात, तेच तर बघायचं होतं!"

केसरीनाथांना घाम फुटला. मीठ घालावं, पण किती?

"वरनाला घालता तेवढं!" कलावतीबाई म्हणाल्या.

पाणी चाखलं, तर खाडीइतकं खारट लागेना, तेव्हा त्यांनी स्कूटर काढून कशेळीच्या खाडीचं पाणी कॅनभर आणलं. संध्याकाळी सगळी रोपं आडवी!

उन्नती आली तेव्हा केसरीनाथ मान खाली घालून उभे होते. "दोन वर्षांची मेहनत घालवली गं मी."

"न्हाय रे बाबा! खरे ट्रे आक्काकडं हायेत."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. "मग हे?"

"हे दिले नसते, तर तू आक्काकडं जाऊन खऱ्या ट्रेत हात घातला असतास!"

रागवावं की पाया पडावं, त्यांना कळेना. डोळे मात्र भरून आले.

पुढे उन्नतीचा प्रबंध छापून आला. आभाराच्या पानावर दोनच ओळी होत्या: 'बियाणं जपणाऱ्या माझ्या बाबांचे आभार. आणि बाबांपासून रोपं जपणाऱ्या आक्काचे.'

ते पान केसरीनाथ आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात. दुसऱ्या ओळीवर अंगठा ठेवून!